गणपतीच्या पंगतीत प्रत्येकाचं पथ्य सांभाळताना

घरी गणपती बसतो तेव्हा पंगतीला फक्त घरचे चार लोक नसतात. ठाण्यात तर मजल्यावरचं जैन कुटुंब, इन्सुलिनवर असलेली डोंबिवलीची मावशी, गहू वर्ज्य असलेला ऑफिसातला सहकारी, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं भाचीचं मूल आणि एकादशी धरणारे सासरे एकाच दुपारी एकाच हॉलमध्ये भेटतात. पहिल्यांदा पंगत घालणारे इथे गांगरतात. काही जण प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ करायला घेतात. फ्लॅटच्या ओट्यावर ते मावत नाही आणि धांदलीत चमचे-भांडी एकमेकांत मिसळतात. काही जण "असेल ते खातील" म्हणून सोडून देतात आणि पाहुणा दहीभातावर उठतो.

खरं तर मराठी सणाचं ताट मुळातच सोयीचं आहे. तांदूळ, डाळ, नारळ, गूळ आणि भाज्या बहुतेकांना चालतात. घोळ होतो तो वरून पडणाऱ्या गोष्टींनी: फोडणीतला हिंग, मूठभर कूट, शेवटी सोडलेलं तूप. म्हणून सगळ्यांना चालेल असा पाया एकदाच शिजवायचा आणि बाकीचं वेगळ्या पातेल्यात किंवा वाढताना घालायचं. खालचा सगळा हिशोब वीस माणसांच्या दुपारच्या जेवणाचा आहे.

आठ-दहा दिवस आधी: विचारणं

नुसतं "काही पथ्य आहे का?" असं विचारलं की बहुतेक जण संकोचानं "नाही नाही, सगळं चालतं" म्हणतात. फॅमिली ग्रुपवर विचारलं तर आणखीच गप्प बसतात, कारण आपला मधुमेह किंवा किडनीचा त्रास सगळ्यांसमोर मांडायला कुणालाच आवडत नाही. प्रत्येकाला वेगळा मेसेज करा. मजकूर साधारण असा ठेवा:

"रविवारी साडेबाराला आरती आणि एक वाजता पानं. घरात कुणाला ॲलर्जी असेल, उपास असेल, डॉक्टरांचं पथ्य असेल किंवा एखादी गोष्ट वर्ज्य असेल तर फक्त मला कळवा. किती काटेकोर आहे तेही सांगा, म्हणजे तशी तयारी करते."

"किती काटेकोर" हा प्रश्न सोडू नका. उत्तर आलं की फोन करून दोन-तीन गोष्टी नक्की करा. गहू बंद म्हणजे पोटाला जड पडतो म्हणून टाळतात, की सिलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला न सोसण्याचा आजार, आहे? सिलिॲकच्या माणसाला पोळीचा कणही त्रास देतो, आणि तो त्रास लगेच दिसला नाही तरी आतड्याला इजा होते. दूध बंद म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नाही, की दुधाची ॲलर्जी? लॅक्टोज न पचणाऱ्याला तूप बहुधा चालतं, ताकही बऱ्याचदा चालतं. ॲलर्जी असलेल्याला तुपाचा थेंबही नको. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर काजू-बदाम, तीळ आणि नारळ चालतो का, हे वेगळं विचारावं लागतं. पूर्वी कधी श्वास कोंडला होता का, औषध बरोबर आणणार का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

उत्तरं एका कागदावर लिहा आणि तीन गट पाडा. पहिल्या गटात ज्यांना कणभरही चालत नाही ते, म्हणजे ॲलर्जी आणि सिलिॲकवाले. दुसऱ्या गटात व्रत आणि धर्माचे नियम पाळणारे. इथेही "थोडंसं चालेल" हा निर्णय यजमानाचा नाही. तिसऱ्या गटात प्रमाण सांभाळायचं असतं: मधुमेह, रक्तदाब, किडनी, दातांचा त्रास असलेले आजी-आजोबा. हा कागद फ्रिजवर लावा. सकाळी मदतीला येणाऱ्या काकू, स्वयंपाकाच्या ताई आणि वाढणारी मुलं या सगळ्यांना तो दिसला पाहिजे. नावं लिहायची नसतील तर "एक पान शेंगदाणा नाही" एवढंही पुरतं.

कालनिर्णय उघडून बघा

गणपतीच्या दिवसांत उपासांची दाटी असते. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. ती धरणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं धान्य खात नाहीत, त्यांना ऋषीची भाजी आणि वरीचे तांदूळ लागतात. दहा दिवसांचा गणपती असेल तर भाद्रपद शुद्ध एकादशी मध्येच येते. चातुर्मास चालू असल्यानं कांदा, लसूण आणि वांगं सोडलेले लोकही याच दिवसांत जेवायला येतात.

जैन शेजाऱ्यांच्या बाबतीत तर तिथी बघितल्याशिवाय आमंत्रणच करू नये. श्वेतांबरांचं पर्युषण संपतं ती संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थी किंवा पंचमीला असते, म्हणजे नेमकी गणेश चतुर्थीच्या सुमारास. त्या दिवशी अनेकांचा कडक उपास असतो. दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. जेवणाचा आग्रह धरण्यापेक्षा "दर्शनाला या, जेवण तुमच्या सोयीनं नंतर ठेवू" असं म्हटलं की त्यांना मोकळं वाटतं. पाच किंवा सात दिवसांचा गणपती असेल तर त्यांच्यासाठी नंतरचा दिवस ठरवता येतो.

काही आगरी-कोळी आणि सीकेपी घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मासे-मटणाचा नैवेद्य असतो. अशा घरी शाकाहारी पाहुणे येणार असतील तर शाकाहारी स्वयंपाक आधी उरकून, झाकून दुसऱ्या खोलीत ठेवा. मासे-मटणाची सुरी, पाट, कढई आणि तेल पूर्ण वेगळं. कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला तर वाफेचाही त्रास होऊ शकतो, त्याला आधीच फोन करून सांगा.

स्वयंपाकघरातल्या लपलेल्या जागा

गडबड बहुतेक वेळा इथेच होते, म्हणून यावर जरा थांबू.

हिंग: बाजारात मिळणारा पुडीतला किंवा डबीतला हिंग "बांधानी" असतो, म्हणजे त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. हे पीठ अनेकदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. पोळी वाढली नाही तरी सिलिॲकच्या माणसाला वरणातून गहू जातो तो असा. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा, नाहीतर त्यांच्या पातेल्यात हिंग घालूच नका. जिरं आणि कढीपत्ता पुरतो. उडदाच्या पापडातही हिंग असतो हे लक्षात ठेवा.

कूट: कोशिंबीर, भरली भाजी, आमटी, पंचामृत, साबुदाण्याची खिचडी, सगळीकडे दाण्याचं कूट असतं. त्याहून धोकादायक मिक्सरचं भांडं. झाकणाच्या रबरी रिंगेत आणि पात्यांच्या बुडाशी कूट अडकून राहतं, ते विसळून निघत नाही. ॲलर्जीचा पाहुणा असेल तर त्या दिवशी कूट घरात करूच नये, हे सर्वांत सोपं. चटणीसाठी दुसरं भांडं वापरा किंवा रिंग काढून साबणानं घासा. तेलही बघा. घाण्याच्या शेंगदाणा तेलात शेंगदाण्याची प्रथिनं राहतात. त्या दिवसापुरतं सूर्यफूल किंवा राइस ब्रान तेल आणा.

गोडा मसाला: यात तीळ आणि सुकं खोबरं असतं, बऱ्याच घरांत हिंगही. तिळाची ॲलर्जी असलेल्यासाठी मसालेभात हा म्हणूनच अडचणीचा पदार्थ. पाकिटांवर गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-बदाम, सोया, मासे यांची ॲलर्जीची सूचना छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे, पण तीळ त्या यादीत नाही. तिळासाठी पूर्ण घटकयादी वाचावी लागते.

गिरणी: बेसन आणि तांदळाची पिठी गिरणीतून दळून आणत असाल तर आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतोच. सिलिॲकसाठी ते पीठ चालणार नाही. ग्लुटेन नसल्याचं छापलेलं पाकीट आणा, किंवा तांदूळ धुऊन सावलीत सुकवा आणि घरच्या मिक्सरवर बारीक करा. चाळण नवी किंवा फक्त तांदळाची हवी. गव्हाची चाळण कितीही धुतली तरी जाळीत पीठ राहतं. लाकडी पोळपाट आणि लाटण्याचंही तेच.

कढई: गव्हाच्या कुरडया किंवा पुऱ्या तळल्या की त्या तेलात पिठाचे कण उरतात. त्यातच तळलेला तांदळाचा पापड सिलिॲकवाल्यासाठी बाद होतो. बटाट्याची भजी तळलेलं तेल जैन पाहुण्यांना चालत नाही, उपासाच्या पापड्याही त्यात तळता येत नाहीत.

आणि प्रसाद. शिऱ्यात रवा आहे, म्हणजे गहू. पेढ्यात दूध आहे. आरतीनंतर लहान मुलाच्या हातावर कुणीतरी प्रेमानं पंचखाद्याची चिमूट ठेवतं आणि त्यात काजू निघतो. ताटाची काळजी घेणारे यजमान प्रसादाला हमखास विसरतात. केळं किंवा खडीसाखर वेगळ्या वाटीत ठेवा. वाटणाऱ्याला दोन्ही वाट्या कळल्या पाहिजेत.

पायाचा बेत, वीस माणसांसाठी

साधा भात: दीड किलो तांदूळ. कोलम किंवा आंबेमोहोर, कोणताही.

वरण: 700 ग्रॅम तूरडाळ. फक्त हळद आणि मीठ घालून शिजवा आणि घोटा. हिंग, तूप, गूळ काही नाही. हे सगळ्यांचं वरण. यातलं निम्मं दुसऱ्या पातेल्यात काढून त्याची चिंच-गुळाची, गोड्या मसाल्याची आमटी करा.

कच्च्या केळ्याची भाजी: मध्यम आकाराची बारा-चौदा केळी. जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, ओलं खोबरं. बटाट्याच्या भाजीची उणीव ही भरून काढते आणि जैन पाहुण्यांनाही चालते. काळी पडू नये म्हणून चिरल्या चिरल्या पाण्यात टाका. फार शिजली तर लगदा होतो, सात-आठ मिनिटांनी टोचून बघा.

लाल भोपळ्याची भाजी: अडीच किलो भोपळा, सालं आणि बिया काढून दोन किलो उरतो. मेथीदाण्याची फोडणी, वर खोबरं. कूट नाही.

काकडीची कोशिंबीर: दीड किलो काकडी चोचवून ठेवा. खोबरं, मिरची आणि लिंबू घालून पायाची कोशिंबीर करा. निम्मी वेगळी काढून त्यात दही घाला. मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर अर्ध्या तासात पाणी सुटतं आणि कोशिंबीर पातळ होते.

ओल्या नारळाची चटणी, आलं-लसूण न घालता. सोलकढी लसणाशिवाय, ती दूध न चालणाऱ्यांच्या ताकाची जागा घेते.

उकडीचे मोदक: हे तर वरदानच आहे. तांदूळ, नारळ, गूळ; गहू नाही, आणि दूधही टाळता येतं. बऱ्याच घरांत उकडीत अर्धं दूध घालतात, इथे फक्त पाणी वापरा आणि तुपाऐवजी चमचाभर तेल. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, त्यात मध्यम नऊ-दहा मोदक होतात. प्रत्येकी दोन धरून साडेचार वाट्या पिठी, चार नारळ आणि साधारण 450 ग्रॅम गूळ. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग गरम असतानाच तेला-पाण्याचा हात लावून मळा. उकड कोरडी राहिली तर पाऱ्या चिरतात. सारणात वेलची आणि जायफळ घाला, काजू-बेदाणे नको. हळदीच्या पानावर ठेवून दहा-बारा मिनिटं वाफवा. तूप वाढताना, मागणाऱ्यालाच.

एवढं झालं की गहू, दूध, शेंगदाणा, काजू, कांदा-लसूण, कंदमूळ यांतलं काहीही वर्ज्य असलेला माणूस पोटभर जेवू शकतो. दूध-तूपही न खाणारा व्हीगन पाहुणाही. यानंतर तुम्हाला हव्या त्या पुऱ्या, बासुंदी, अळूवडी, मसालेभात, बटाट्याची भाजी खुशाल करा. पुऱ्यांना किलोभर कणीक पुरते, लहान आकाराच्या पन्नासेक होतात.

जैन पानाबद्दल थोडं जास्त

कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, सुरण, ओलं आलं, ओली हळद वर्ज्य. सुंठ आणि हळदपूड चालते. मध आणि वांगं बहुतेक जण खात नाहीत. चातुर्मासात पालेभाज्या सोडलेल्या असतात, म्हणून अळूवडी आणि कोथिंबीर विचारूनच वाढा. पर्वतिथीला हिरवी भाजीच न खाणारेही असतात. त्यांच्यासाठी अख्ख्या मुगाची, मोड न आणलेली उसळ, भात, वरण आणि पापड असं पान करा.

कच्चं दही आणि डाळ काटेकोर पाळणारे एकत्र खात नाहीत. दह्याची कोशिंबीर आणि वरण एकाच पानात आलं तर ते एक सोडतील. कढी करायची तर ताक आधी उकळून मग बेसन लावा. शिळं चालत नाही, आदल्या रात्री करून ठेवलेली चटणीसुद्धा. उकळलेलं पाणी लागतं का, तेही विचारा.

संध्याकाळचं जेवण ठेवणार असाल तर अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सप्टेंबरच्या मध्यात ठाण्यात सूर्य साधारण 6 वाजून 40 मिनिटांनी मावळतो, म्हणजे पान सहाला मांडायला हवं. हीच मंडळी दिवाळीत आली तर सहालाच अंधारू लागतं, तेव्हा पाच वाजता.

आदली संध्याकाळ आणि सकाळचा क्रम

जांभळी नाक्याच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. हळदीची पानं, केळीची पानं, केळी आणि भोपळा दोन दिवस आधी आणा. पाकिटातल्या वस्तू त्याच्याही आधी, कारण घटक वाचायला शांतता लागते. गर्दीत हातात येईल ती हिंगाची डबी पिशवीत पडते.

आदल्या संध्याकाळी ओटा, शेगड्या, पातेली साबणानं धुवा. पायाच्या स्वयंपाकासाठी चार पातेली, चार डाव आणि एक कढई ठरवा आणि त्यांच्या दांड्याला लाल दोरा बांधा. लाल दोऱ्याचा डाव दुसऱ्या पातेल्यात जाणार नाही, एवढं घरच्यांना सांगून ठेवा.

सकाळी क्रम असा ठेवा:

1. आधी सारण, मग उकड आणि मोदक. घरात अजून गव्हाचं पीठ बाहेर निघालेलं नाही.
2. भाज्या, वरण, भात. झाकून डायनिंग टेबलावर.
3. पायाचे पापड स्वच्छ तेलात. तांदळाचे किंवा साबुदाण्याचे. उपासाचे असतील तर ते तांदळाच्या पापडांच्या आधी तळून घ्या.
4. आता आमटी, मसालेभात, अळूवडी.
5. शेवटी कणीक मळणं, पुऱ्या आणि कुरडया. पिठाची धूळ हवेत उडते आणि उघड्या भांड्यांवर बसते, म्हणून तोवर बाकी सगळं झाकलेलं हवं.

नैवेद्य दाखवण्याआधी चव घेत नाहीत, त्यामुळे मीठ अंदाजानं पडतं आणि बहुधा जास्त पडतं. मोजून घाला: एक लिटर वरण-आमटीला सपाट एक छोटा चमचा. रक्तदाब असलेल्यांना हेच बरं, आणि बाकीच्यांसाठी पानाच्या डाव्या कोपऱ्यात मीठ असतंच. "कमी सोडियम" लिहिलेलं मीठ मात्र काळजीनं वापरा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि किडनीच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं. किडनीच्या पाहुण्यासाठी बेत स्वतः ठरवू नका. डाळ किती, भाज्या कोणत्या, सोलकढी आणि शहाळं चालतं का, हे त्यांच्या घरून लिहून घ्या आणि तेवढंच करा.

जेवण बाहेरून मागवत असाल तर नौपाडा-गोखले रोडच्या बाजूला मोदक आणि पुरणपोळ्या करून देणारे खूप आहेत. ऑर्डर देतानाच चार प्रश्न विचारा: उकडीत दूध आहे का, तळण कोणत्या तेलात, हिंग कोणता, गव्हाचे आणि तांदळाचे मोदक एकाच टेबलावर वळतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर सिलिॲकच्या पाहुण्यासाठी पाच मोदक घरीच करा.

वाढताना

बुफेपेक्षा पंगत सुरक्षित. बुफेत दहाव्या मिनिटाला कोशिंबिरीचा चमचा आमटीत सापडतो. बुफेच करायचा असेल तर पहिल्या गटातल्या पाहुण्यांची ताटं सर्वांच्या आधी, अजून कुणी डाव लावला नसताना वाढून द्या. प्रत्येक भांड्यासमोर चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर पदार्थाच्या नावाबरोबर "यात गहू, तूप, तीळ" असे घटक लिहा. पंगतीत त्या पाहुण्यांना एका कडेला, एकाच वाढप्याकडे ठेवा. पण त्यांना वेगळ्या खोलीत बसवू नका. मजा तर सगळ्यांबरोबर बसण्यातच आहे, आणि पथ्यामुळे एकटं जेवलेली मुलं ते बरीच वर्षं विसरत नाहीत.

ख्रिस्ती किंवा मुस्लिम पाहुण्यांपैकी काही जण देवाला दाखवलेलं अन्न घेत नाहीत, काही आनंदानं घेतात. नैवेद्याचं पान वेगळं वाढलेलं असतंच. हवं तर त्यांच्यासाठी आधीच पदार्थ काढून ठेवा आणि दोन्ही आहेत असं साधेपणानं सांगा.

मधुमेही पाहुण्याला वेळ सांभाळून हवी. एकची पानं आरती लांबून अडीचला पडली की इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतलेल्या माणसाची साखर घसरते. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असेल, घोडबंदर रोड तुंबला असेल, पाहुणे उशिरा येतील. तरी या माणसाचं पान ठरल्या वेळी वाढा. जेवणाआधीचं इन्सुलिन ते घेतील तेव्हा पान समोर असलंच पाहिजे. आधी कोशिंबीर, भाजी, वरण वाढा, भात आणि मोदक नंतर. साखर त्यानं तुलनेनं हळू चढते. गुळाचा मोदक आहे म्हणून चालतो, हा समज सोडून द्या. गूळही साखर तेवढीच वाढवतो. एक मोदक, तोही त्यांनी मागितला तर.

यातूनच आग्रहाचा विषय येतो. "एवढ्यानं काही होत नाही", "आजच्या दिवस चालतं", "देवाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये" ही वाक्यं मनापासून म्हटली जातात आणि पाहुण्याला कोंडीत पकडतात. वाढप्यांना आधीच सांगा: कुणी पानावर हात आडवा धरला की पुढे सरकायचं, कारण विचारायचं नाही. आग्रह करायचाच तर त्यांना चालणाऱ्या पदार्थाचा करा. केळ्याची भाजी दोनदा फिरवा.

लहान आणि म्हातारी माणसं चटकन विसरली जातात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, पंचामृतातलाही नाही. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, काजू, चणे देऊ नका, घशात अडकतात. कवळी असलेल्या आजींना मऊ भात, पातळ वरण आणि मोदकाचे चार तुकडे करून द्या.

चूक झाली तर

हिंग पडला, डाव बदलला, मोदकावर कुणी तूप सोडलं, तर लगेच सांगा. काढून टाकलं, वरचं बाजूला केलं, असं करून ते पान पुढे ढकलू नका. भात आणि केळी नेहमी थोडी राखून ठेवा, म्हणजे दुसरं पान वाढता येतं.

ॲलर्जीची खूण अशी: अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, उलटी, चक्कर. श्वास, आवाज किंवा शुद्धीवर परिणाम दिसला की वाट बघू नका. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन बरोबर असेल तर ते आधी द्या. खाजेच्या गोळीनं हे थांबत नाही. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. 108 ला फोन करा. विसर्जनाच्या दिवशी मासुंदा तलाव आणि उपवनकडचे रस्ते गर्दीनं आणि वळवलेल्या वाहतुकीनं अडलेले असतात. आपल्या बाजूनं त्या दिवशी गाडी निघेल असं जवळचं हॉस्पिटल सकाळीच ठरवून ठेवा आणि सोसायटीच्या गेटवर कुणी गाडी आडवी लावणार नाही एवढं वॉचमनला सांगा.

साखर घसरल्याची खूण घाम, थरथर, चिडचिड, गोंधळलेलं बोलणं. शुद्धीवर असेल तर अर्धा ग्लास पाण्यात तीन छोटे चमचे साखर विरघळवून द्या. पेढा किंवा मोदक देऊ नका, त्यातल्या स्निग्धानं साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी साखर मोजा, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या आणि मग जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, 108.

उरलेलं बांधून देताना डब्यावर चिकटपट्टी लावून पेननं लिहा: पदार्थ, वर्ज्य गोष्टींपैकी त्यात काय आहे, आणि तारीख. डबा दुसऱ्याच कुणाच्या घरी उघडला जातो आणि तिथे विचारायला तुम्ही नसता. नारळाचे पदार्थ सप्टेंबरच्या दमट हवेत लवकर आंबतात. चटणी आणि मोदक त्याच दिवशी संपवायला सांगा, नाहीतर घरी पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये.